अक्रोडाचं लाकूड थंडीमुळे मागे पडलं का?

इंग्लंडच्या फर्निचरच्या इतिहासात साधारण १६६० ते १७२० या काळाला 'अक्रोडाचं युग' म्हणतात. त्याआधी ओक, त्यानंतर महोगनी. या बदलाची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: १७०९ च्या भयंकर हिवाळ्यात फ्रान्समधली अक्रोडाची झाडं मोठ्या प्रमाणात मेली, लाकडाचा तुटवडा पडला आणि कारागीर महोगनीकडे वळले.

हिवाळा खरा, झाडं मेली हेही खरं. पण महोगनीची मोठी आवक सुरू व्हायला त्यानंतर बारा-तेरा वर्षं लागली. मधे काय घडलं ते बघा. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने 'नेव्हल स्टोअर्स अ‍ॅक्ट' केला आणि अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचं आयातशुल्क काढलं. डोळ्यासमोर होती जहाजबांधणी. फावलं जमैकाच्या महोगनीचं! फर्निचरचे इतिहासकार अ‍ॅडम बोवेट यांनी हा कायदा महोगनीच्या इतिहासाच्या मध्यभागी आणून ठेवला.

पण शुल्क व्हर्जिनियाच्या काळ्या अक्रोडावरचंही गेलं होतं. म्हणजे 'अक्रोड मिळेनासं झालं' एवढ्यावर भागत नाही. १७३० च्या दशकातही अक्रोडाच्या खुर्च्या बनत होत्याच. तुमच्या विषयात कुठे 'तुटवडा पडला म्हणून' असं वाक्य दिसलं, तर आधी हेच विचारा: पर्यायी माल कुठून येत होता, आणि कोणत्या भावाने?

मग महोगनीच का? इथे माझ्यातला विज्ञानवाला जागा होतो. ओलं लाकूड पूर्ण वाळताना काळं अक्रोड वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ७.८ टक्के आकसतं. महोगनी त्याच्या जेमतेम निम्मी. शिवाय महोगनीची झाडं प्रचंड, त्यामुळे जेवणाच्या टेबलाला जोड न देता रुंद फळी मिळायची. अक्रोडाच्या सालीलगतच्या फिकट लाकडाला कीडही लवकर लागते. अर्थात टक्केवारी आजच्या प्रयोगशाळेतली आहे. तेव्हाच्या सुताराला ती माहीत नव्हती, पण फळी वाकते की नाही हे त्याला हाताने कळत होतं.

बंदुकीच्या दस्त्यातून मात्र अक्रोड हटलं नाही. वजनाला बेताचं, धक्का सोसणारं आणि कोरायला सोपं असल्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या ली-एनफील्ड रायफलींनाही तेच लाकूड होतं.