चितळासाठी कोणती गोळी? ठासणीच्या बंदुकीपासून दमदमपर्यंत

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. परदेशातले शिकारी स्वतःच्या हाताने काडतुसं भरतात, हरणासाठी कोणती गोळी घ्यायची यावर तासन्‌तास वाद घालतात. आपल्याकडे असं काही होतं का? होतं की. आपल्याच जंगलपट्ट्यात होतं, आणि दीडशे वर्षांपूर्वी त्यावर आख्खं पुस्तक निघालं होतं. आधीच सांगतो, शिकार आज गुन्हा आहे. हा भाग इतिहासाचा आहे.

मी मुलचेऱ्याकडचा. आमच्याकडे बंदूक म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी एकच शब्द येतो, भरमार. भर आणि मार. पुस्तकी मराठीत ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी बारूद ओतायची, मग चिंधी, मग शिशाची गोळी किंवा छर्रे, आणि गजाने ठासायचं. हाताने काडतूस भरण्याचा हा पणजोबाच म्हणा. फरक इतकाच की इथे प्रत्येक बार नव्याने ‘कन्फिगर’ करावा लागतो. बारूद कमी पडली तर जनावर नुसतं जखमी होतं. जास्त झाली तर नळी फुटून आपलाच हात जातो.

या बंदुकांचं मापही मजेशीर आहे. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती. म्हणजे एक गोळी ३७.८ ग्रॅमची. आकडा वाढला की गोळी लहान होते. हे कळेपर्यंत मी उलटंच समजत होतो, आणि बहुतेक जण तसंच समजतात.

आता जेम्स फोर्सिथ. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. आजचा चंद्रपूर आणि मुलचेऱ्याचा आपला पट्टा तेव्हा चांदा जिल्ह्यात. फोर्सिथ याच प्रांतातला अधिकारी, निमाडची जमीन महसुलाची व्यवस्था त्याने लावली. त्याचं ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ साली आलं आणि त्याच वर्षी तो वारला. पण त्याआधीच त्याने शिकारीच्या रायफली आणि त्यांच्या गोळ्या या एकाच विषयावर पुस्तक लिहिलं होतं.

काळ बघा. तेव्हा लष्करात एन्फिल्ड रायफल आली होती, लांबट गोळीची, ०.५७७ इंच व्यासाच्या नळीची. हो, चरबीच्या काडतुसांवरून १८५७ ला ठिणगी पडली, तीच. सगळे म्हणत होते की लांबट गोळी म्हणजे भविष्य. फोर्सिथ म्हणाला, इथल्या जंगलात जुनी गोल गोळीच बरी. ऐकायला हट्टी म्हाताऱ्यासारखं वाटतं, पण त्याचा हिशेब पक्का होता.

लांबट गोळी सरळ जावी म्हणून तिला गरगर फिरवावं लागतं, त्यासाठी नळीतले आटे जास्त पिळाचे हवेत. त्यात बारूद वाढवली तर मऊ शिसं आटे सोडून घसरतं. म्हणून बारूद कमी, वेग कमी आणि गोळीचा मार्ग कमानीसारखा. अंतराचा अंदाज थोडा चुकला की नेम गेला. गोल गोळीला जेमतेम पीळ पुरतो, त्यामुळे बारूद भरपूर घालता येते. शंभरेक यार्डांपर्यंत ती जवळजवळ सरळ जाते. पुढे हवा तिला पटकन अडवते, पण सागवान आणि बांबूच्या रानात शंभर यार्डांपलीकडचं चितळ दिसतं तरी कुठे?

दुसरी गोष्ट घावाची. चौदा बोअरची गोल गोळी ३२ ग्रॅमची, एन्फिल्डची साधारण ३४. वजन जवळपास सारखंच. पण नळीचा व्यास एकीचा साडेसतरा मिलिमीटर, दुसरीचा साडेचौदा. म्हणजे गोल गोळीचं भोक जवळजवळ दीडपट. चितळ, सांबर, डुक्कर यांच्यासाठी शिसं मऊच ठेवायचं, म्हणजे आत जाऊन ते चपटं होतं. गव्यासारख्या जाड हाडाच्या जनावरासाठी त्यात कथील मिसळून कडक करायचं. बारीक भोक पडलेलं सांबर मैलभर पळतं, झुडपात जाऊन दोन दिवसांनी मरतं आणि कुणाच्याच हाती लागत नाही. गोळीच्या निवडीत खरा प्रश्न हाच होता.

हाच प्रश्न पुढे लष्करात उलटा होऊन आला. तीनशे तीनची कवच असलेली गोळी १८९५ च्या चित्रळ मोहिमेत माणसाच्या आरपार जायची आणि माणूस चालत राहायचा, अशी ओरड झाली. मग कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी केली. लागली की पसरणारी. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात ती निषिद्ध ठरवली. पण इंग्लंडच्या १९९१ च्या हरणांविषयीच्या कायद्यात हरणावर मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी चालते. युद्धात जी क्रूर, तीच शिकारीत दयेची. मला हे पचायला वेळ लागला, पण तर्क बरोबर आहे. सैनिक लढाईबाहेर गेला की पुरे, जनावर मात्र लगेच मेलं पाहिजे.

आपल्या माणसांच्या वाट्याला यातलं काय आलं? अहेरीकडच्या मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फाशी झाली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना सक्तीचा केला. त्याच वर्षी वन कायदाही आला. साहेबाकडे रायफल, गोंड-माडियांकडे तिरकामठा आणि जमलीच तर भरमार. फोर्सिथने तोललेला तो हिशेब परवडणाराच नसेल, तर घायाळ जनावरं वाढणारच. पुढे ताडोब्यात १९३५ साली शिकार बंद झाली, १९७२ ला वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले.

भरमार मात्र कायद्यात टिकली. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आजही आहे. पण परवाना बंदुकीचा मिळतो, डुक्कर मारण्याचा नाही, त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. बिनपरवान्याच्या भरमारी गडचिरोलीतले गावकरी गेली काही वर्षं पोलिसांकडे जमा करताहेत. धान निसवलं की रात्री मचाणावरून डबे वाजवणं चालूच असतं.

पुढचा भाग अहेरी जमीनदारीवर. प्रश्न पाठवत राहा!