चयापचय विकारांचे पूर्वानुमान, दुभत्या गाईंतील

विण्यापूर्वीचे तीन आणि विण्यानंतरचे तीन आठवडे हा दुभत्या गाईचा संक्रमणकाळ मानतात. दुग्धज्वर, किटोसिस, यकृतात चरबी साठणे, चौथे पोट डावीकडे सरकणे हे विकार बहुतेक याच दिवसांत होतात. वार अडकणे, गर्भाशयदाह आणि कासदाह यांचाही त्यांच्याशी जवळचा संबंध असतो. लक्षणे दिसण्याआधीच धोका ओळखणे म्हणजे पूर्वानुमान. या एका शब्दाखाली दोन वेगळे प्रश्न येतात. ही गाय आजारी पडेल का, हा एक. आणि या गोठ्यातल्या भाकड व नुकत्या व्यायलेल्या गाईंच्या व्यवस्थापनात काही बिघडले आहे का, हा दुसरा. रक्ताच्या बहुतेक चाचण्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी देतात, पहिल्याचे कमी. हा भेद न ओळखल्यामुळे चाचण्यांवरचा बराच खर्च फुकट जातो.

विण्याच्या आधीच्या ३ आठवड्यांत गाईचे खाणे सुमारे ३० टक्क्यांनी घटते. पोटातले वासरू मात्र याच दिवसांत झपाट्याने वाढत असते. व्यायल्यावर दुधासाठी लागणारी ऊर्जा एकदम वाढते आणि खाणे मागून सावकाश वाढते. ही तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरून काढते. चरबीतून सुटलेली मुक्त मेदाम्ले, म्हणजे ‘नेफा’, यकृतात पोचतात. तिथे ती सगळी जळू शकली नाहीत, तर काहींचे कीटोन बनतात आणि काही चरबीच्या रूपाने यकृतातच साठतात. रक्तातल्या कीटोनांपैकी बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट (बीएचबी) हा टिकाऊ असल्याने मोजमापासाठी तोच घेतात. कॅल्शियमची ओढाताण याहून अचानक होते. १० लिटर चिकातून सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम बाहेर पडते आणि गाईच्या रक्तद्रवात एका वेळी ते असते जेमतेम ३ ग्रॅम. हाडांतून आणि आतड्यांतून जास्तीचे कॅल्शियम मिळू लागायला एकदोन दिवस लागतात. तेवढ्या अवधीत पातळी फार घसरली तर गाय बसते, मान कुशीकडे वळवते, अंग गार पडते. नावात ज्वर असला तरी या रोगात ताप नसतो.

दुग्धज्वरावर उपाय आधी सापडला, कारण नंतर कळले. डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील पशुवैद्य श्मिट यांनी १८९७ मध्ये कासेत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण सोडण्याची पद्धत जाहीर केली. पुढे नुसती हवा भरूनही गुण येतो असे दिसले आणि तोवर बहुधा दगावणाऱ्या गाई उठून उभ्या राहू लागल्या. कास फुगल्याने दूध तयार होणे थांबते आणि कॅल्शियमची गळती आटते, हा खुलासा १९२५ मध्ये ड्रायर आणि ग्रेग यांनी रक्तातील कॅल्शियमची कमतरता हेच कारण असावे असे मांडल्यानंतर झाला. रोग होण्याआधी रक्त तपासावे ही कल्पना रूढ झाली ती १९७० मध्ये इंग्लंडमधील कॉम्प्टन येथील संशोधनसंस्थेत. पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाकड, मध्यम दुधाच्या आणि जास्त दुधाच्या अशा तीन गटांतून प्रत्येकी ७ गाई निवडून त्यांच्या रक्तातील अनेक घटक एकत्र पाहिले. या तपासणीची भिस्त मात्र रक्तातली पातळी आहाराचे प्रतिबिंब दाखवते या गृहीतकावर होती. कॅल्शियमसारखा घटक शरीर अगदी काटेकोर सांभाळते, त्यामुळे खुराकात चूक असूनही तो विण्याच्या दिवसापर्यंत ठाकठीक दिसतो. म्हणून आठवडाभर आधी मोजलेले गाईच्या रक्तातील कॅल्शियम दुग्धज्वराबद्दल फारसे काही सांगत नाही.

ऊर्जेच्या तुटीचा माग काढणे तुलनेने सोपे आहे. विण्याच्या २ ते १४ दिवस आधी नेफा दर लिटरला सुमारे ०.३ मिलिमोलच्या वर असेल, किंवा व्यायल्यानंतर ०.६ च्या वर असेल, तर पुढच्या आजारांचा धोका वाढलेला असतो. व्यायल्यानंतर बीएचबी १.२ किंवा त्याहून अधिक असल्यास सुप्त किटोसिस समजतात. लक्षणांसह होणाऱ्या किटोसिसमध्ये ही पातळी बहुधा ३ च्या पुढे जाते. गोठ्याचे चित्र पाहण्यासाठी १२ ते १५ गाईंचे नमुने घेतात आणि त्यांतल्या १० ते १५ टक्क्यांहून अधिक गाई सीमेपलीकडे आढळल्या तर चूक गोठ्याची धरतात. नमुना कधी आणि कुठून घेतला यालाही महत्त्व आहे. नेफा चारा टाकण्याच्या जरा आधी सर्वांत जास्त असते, बीएचबी खाल्ल्यानंतर चारपाच तासांनी. रक्त शेपटीच्या शिरेतून घ्यावे. पोटाखाली फुगून दिसणारी दुधाची शीर हाताशी असते खरी, पण कास स्वतःच बीएचबी वापरत असल्याने तिथे आकडा कमी येतो.

माणसांच्या मधुमेहासाठी बनवलेले हातातले कीटोनमापक यंत्र गाईच्या रक्तासाठीही भरवशाचे आहे असे २००९ मध्ये दाखवून दिले गेले आणि प्रयोगशाळेचे काम गोठ्यात आले. त्याआधीची, आणि आजही अनेक दवाखान्यांत चालणारी, रोथेरा चाचणी लघवीत किंवा दुधात जांभळा रंग आणून कीटोन दाखवते. तिचा खर्च नगण्य, पण ती बहुतेक वेळा रोग जडल्यावरच बोलते. नेदरलँड्स आणि कॅनडातील क्वेबेक येथे महिन्याच्या दूधनोंदणीच्या नमुन्यांतूनच अवरक्त किरणांच्या साहाय्याने बीएचबीचा अंदाज घेतात. त्यासाठी वेगळे रक्त काढावे लागत नाही. अडचण वेळेची आहे. न्यूयॉर्क आणि विस्कॉन्सिनमधील ४ गोठ्यांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यायल्यानंतरच्या ३ ते १६ दिवसांत ४३ टक्के गाईंना केव्हा ना केव्हा सुप्त किटोसिस झाला आणि त्याचे शिखर पाचव्या दिवशी होते. महिन्यातून एकदा येणारा नमुना हा पाचवा दिवस क्वचितच गाठतो.

दुग्धज्वराचा अंदाज रक्तापेक्षा इतिहासावरून बरा बांधता येतो. पहिलारू कालवडीला तो जवळपास होत नाही, तिसऱ्या वेतापासून धोका चढत जातो, जर्सी रक्ताच्या गाईत तो अधिक असतो आणि एकदा झालेल्या गाईला पुन्हा होण्याचा संभव मोठा. चाऱ्यात पोटॅशियम जास्त असले की रक्त अल्कधर्मी होते आणि कॅल्शियम सोडण्याचा संप्रेरकाचा हुकूम हाडे नीट ऐकत नाहीत. त्यावर विण्यापूर्वीचे ३ आठवडे ऋणभारित क्षार देतात. ते लागू पडत आहेत की नाही हे लघवीचा सामू सांगतो. तो एरवी ८ च्या आसपास असतो, ६ ते ७ दरम्यान उतरला की मात्रा योग्य, ५.५ च्या खाली गेला तर जास्त झाली. पट्टी बुडवून मिनिटात होणारी ही चाचणी अगदी स्वस्त आहे. व्यायल्यानंतरच्या कॅल्शियमबाबत अलीकडे मत बदलले आहे. कॉर्नेल विद्यापीठातील कामातून असे दिसले की पहिल्या दिवशी पातळी घसरून लगेच सावरणाऱ्या गाई उलट जास्त दूध देतात. त्रास त्यांना, ज्यांची पातळी चौथ्या दिवशीही खाली असते किंवा तेव्हाच खाली येते.

सर्वांत आधी बोलणारी खूण मात्र गव्हाणीपाशी दिसते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २००७ आणि २००९ मधील अभ्यासांत पुढे गर्भाशयदाह किंवा सुप्त किटोसिस झालेल्या गाईंनी विण्याच्या आधीच्या आठवड्यांतच खाणे आणि गव्हाणीपाशी थांबणे कमी केलेले आढळले. दुबळ्या गाई दुसऱ्यांशी झटापट टाळून मागे सरत होत्या. गळपट्ट्यातले संवेदक रवंथ आणि हालचाल मोजून हेच काम यंत्राने करतात. कॉर्नेलच्या २०१६ मधील चाचणीत त्यांनी कामगारांपेक्षा किटोसिस सुमारे दीड दिवस आणि पोट सरकणे सुमारे तीन दिवस आधी हेरले.

भाकीत करणाऱ्या यंत्राची वा गणिती प्रारूपाची अचूकता ९० टक्के असल्याचे वाचले, की रोग किती सर्रास आहे हे विचारावे. समजा, २०० गाईंच्या गोठ्यात १० गाईंना पोट सरकण्याचा विकार होणार आहे. ९० टक्के आजारी गाई ओळखणारी आणि ९० टक्के निरोगी गाईंना निरोगी म्हणणारी चाचणी त्यांतल्या ९ पकडेल, पण उरलेल्या १९० पैकी १९ निरोगी गाईंवरही बोट ठेवेल. म्हणजे २८ इशाऱ्यांतले ९ खरे. हीच चाचणी ४० टक्के गाईंना होणाऱ्या सुप्त किटोसिससाठी वापरली, तर ८४ इशाऱ्यांतले ७२ खरे निघतील. म्हणून इशाऱ्यानंतरचा उपाय स्वस्त आणि निरुपद्रवी असावा लागतो. रोज ३०० मिली प्रोपिलीन ग्लायकॉल पाजणे या कसोटीला उतरते; शिरेतून कॅल्शियम देणे उतरत नाही. निरोगी गाईला ते दिल्यास पातळी आधी उसळते आणि दुसऱ्या दिवशी अधिकच खाली जाते, हृदयाला धोका तो वेगळा. व्यायलेल्या प्रत्येक गाईला ‘कॅल्शियमची बाटली’ लावण्याची आपल्याकडची सवय या दृष्टीने वाईटच आहे.

या साऱ्या मापनामागच्या समजुतीलाही आव्हान मिळालेले आहे. आयोवा राज्य विद्यापीठातील हॉर्स्ट, क्विडेरा आणि बॉमगार्ड यांनी २०२१ मध्ये असे मांडले की नेफा, कीटोन आणि कमी कॅल्शियम ही आजाराची कारणे नसून अनेकदा भरपूर दूध देणाऱ्या सशक्त गाईच्या जुळवून घेण्याची, किंवा आतड्यात वा गर्भाशयात आधीच पेटलेल्या दाहाची, चिन्हे आहेत. यावर एकमत नाही. तरी आकडा आणि गाय यांत विसंगती असेल तेव्हा खाणे, रवंथ व दूध पाहून निर्णय घेणे अधिक सयुक्तिक, असे म्हणता येते.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रामुख्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर पट्ट्यातील होलस्टीन आणि जर्सी संकरित गाईंचा आहे. खिल्लार किंवा डांगी गाईंत, दूधच बेताचे असल्याने, तो क्वचित उद्भवतो. गोठ्यात चारसहा जनावरे असतील तर १२ नमुन्यांचा नियम लावताच येत नाही. संकलन केंद्राच्या पावतीवरील फॅट आणि एसएनएफ घरच्या सगळ्या दुधाचे असते, शिवाय चिकाचे दिवस संपल्यावरच दूध केंद्रात जाते, म्हणून तिच्यावरून एका गाईचा अंदाज निघत नाही. इथले पहिले साधन रेतनाची तारीख लिहिलेली वही आहे. गाईचे २८० दिवस कधी भरतात हे ठाऊक नसेल, तर ‘विण्याआधीचे तीन आठवडे’ कुठून मोजणार? दुसरे साधन आटवतानाची अंगकाठी. १ ते ५ च्या मापावर ३ ते ३.५ गुण ठीक. ४ च्या वर गेलेली गाय व्यायल्यावर खाणे टाकण्याची शक्यता जास्त. उसाच्या हंगामात वाढ्यांवर राहणाऱ्या गाईंबाबत आणखी एक तपशील ध्यानात घ्यावा लागतो. वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते.

म्हशींसाठी वरचे आकडे जसेच्या तसे वापरता येत नाहीत, कारण ते होलस्टीन गाईंवर बेतलेले आहेत. दुधातील फॅट आणि प्रथिनांचे गुणोत्तर १.४ च्या वर गेले की गाईत किटोसिसचा संशय घेतात. म्हशीचे फॅट मुळातच ६ ते ७ टक्के असल्याने तिथे ही खूण निरर्थक ठरते. उलट व्यायल्यानंतरच्या आठवड्यांत म्हशीची लघवी लालसर किंवा कॉफीच्या रंगाची होणे, म्हणजे फॉस्फरसच्या कमतरतेने तांबड्या पेशी फुटणे, हा विकार गाईपेक्षा म्हशीत अधिक आढळतो.