सामूहिक वनहक्क म्हणजे काय? मेंढा (लेखा)चं उदाहरण

गावानं पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं जंगल सांभाळायचा अन् त्यातलं गौण वनोपज विकायचा हक्क म्हणजे सामूहिक वनहक्क. आधार, वनहक्क कायदा २००६. हा हक्क कुणाला विकता येत नाही.

धानोरा तालुक्यातल्या (जि. गडचिरोली) मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळाला. कायद्यानं बांबू गौण वनोपजच. पण वाहतूक परवाना वनखात्याकडे, मग विकणार कसा? २०११ मध्ये परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा वाट मोकळी झाली.

दावा कसा करायचा?
- ग्रामसभेत वनहक्क समिती निवडा.
- हद्दीचा नकाशा, पुरावे जोडा.
- ग्रामसभेचा ठराव घेऊन उपविभागीय समितीकडे द्या, पोच घ्या.
- शेवटचा निर्णय जिल्हा समितीचा.

हक्क मिळाला की राखणही गावाचीच. कोवळा बांबू तोडला तर पुढं विकायचं काय?