जंजिऱ्याचे सिद्दी आणि आपला शजरा

आठवीच्या वर्गात एका काळ्यासावळ्या पोराला बाकीची पोरं 'हबशी' म्हणून हाक मारायची. एक दिवस उर्दूचा तास थांबवून मी विचारलं, हबशी म्हणजे कोण? एक म्हणाला, "सर, काला आदमी." दुसरा म्हणाला, "सर, जंजिऱ्याचा सिद्दी. शिवाजी महाराजांचा दुश्मन." पहिलं उत्तर घरातून आलेलं, दुसरं पाठ्यपुस्तकातून.

हबश म्हणजे इथिओपियाचा मुलूख. मक्केतल्या पहिल्या मुहाजिरांना आसरा देणारा नजाशी तिथला बादशहा, आणि हजरत बिलाल हबशी वंशाचे. हे पोरांना तोंडपाठ होतं. पण शिवी आणि बिलाल यांच्यातला शब्द एकच आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आमच्या लोह्याजवळ कंधारचा किल्ला आहे. निजामशाहीचा हा किल्ला 1631 मध्ये मोगलांनी घेतला. त्या निजामशाहीला पंचवीसएक वर्षं ज्यानं उभं ठेवलं तो मलिक अंबर. इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, अरबस्तान-बगदादमार्गे दख्खनला आला. अहमदनगरच्या ज्या पेशव्यानं, चंगेझखानानं, त्याला विकत घेतलं तोही हबशीच. अंबरनं पुढे आपली मुलगी निजामशहाला दिली, 1610 मध्ये खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवलं, आणि 1624 ला भातवडीत शहाजीराजांच्या साथीनं मोगल आणि आदिलशाही फौजा एकदम हरवल्या. गुलामाची लेक राणी झाली, हे त्या काळच्या दख्खनला खपलं.

आता जंजिरा. अरबीतल्या 'जझीरा' म्हणजे बेट, त्यावरून हे नाव. मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचं हे बेट आधी कोळ्यांचं होतं. राम पाटील नावाच्या नायकाकडून हबशांनी दारूची पिंपं पुढे करून ते घेतलं, असं सांगतात. गोष्ट रंगवलेली असेल. पुढचं मात्र पक्कं: बेट निजामशाहीचं ठाणं झालं आणि तिथे सिद्दी सरदारांची सत्ता जमली. 1670 मध्ये किल्लेदार फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करायला निघाला, तेव्हा सिद्दी संबूल, कासम आणि खैरियत यांनी त्याला कैद केलं आणि मोगलांची बाजू धरली. मला यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. इथे बापाची गादी आपोआप मुलाला मिळत नसे. सरदार आपल्यातूनच प्रमुख निवडत. वंशावळीचं राजकारण ज्यांच्यापासून हिरावलं गेलं, त्यांनी काढलेली ही वाट असावी.

आणि सगळे सिद्दी एकाच बाजूला होते हेही खरं नाही. 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आदिलशाहीचा, आणि तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर गेलेला सिद्दी हिलाल स्वराज्याचा. हिलालचा मुलगा त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. आमच्या पोरांना जौहर ठाऊक असतो. हिलाल नसतो.

जंजिरा संस्थानात सिद्दी नेहमीच मूठभर राहिले. रयत मुख्यतः कोळी, आगरी, कुणबी आणि कोकणी मुसलमानांची. इतकी छोटी जमात तीन-चारशे वर्षं निव्वळ आपसात सोयरीक करून टिकत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे नवाब सिद्दी अहमदखान यांच्या बेगम नाझली या तय्यबजी-फैजी घराण्यातल्या, म्हणजे सुलेमानी बोहरा. अतिया फैजी त्यांच्या बहीण. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. बेटावर आज वस्ती नाही, खोकरीला जुन्या सिद्द्यांचे मकबरे उभे आहेत.

गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्द्यांच्या रक्ताचा अभ्यास 2011 मध्ये छापून आला. त्यांचा साठ ते पंचाहत्तर टक्के वारसा आफ्रिकेतला, बाकीचा मुख्यतः हिंदुस्तानी, थोडा युरोपीय. ते नमुने जंजिऱ्याचे नव्हते. पण उत्तर कन्नडच्या जंगलात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे सिद्दी आहेत, आणि घरात कोकणी-मराठीच्या वळणाची बोली बोलतात, हे कळायला रक्त तपासावं लागत नाही.

कॅरिबियन बेटांवर गोऱ्या मळेवाल्यांनी माणसाच्या रक्तात अर्धं काळं किती, पाव किती, अष्टमांश किती याला वेगवेगळी नावं ठेवली होती. आपल्याकडे असं कोष्टक नव्हतं. आपण दुसरं केलं. शजरा लिहायला बसलो की आपला प्रत्येक खापरपणजोबा अरबस्तानातून घोड्यावर बसून येतो. हबशातून जहाजाच्या तळाशी बसून आलेला एकही सापडत नाही, आणि इथल्याच कोळ्याच्या किंवा कुणब्याच्या घरातली खापरपणजी तर नाहीच नाही. मग ती सगळी माणसं गेली कुठे? आमच्याही घरात असा एक शजरा आहे. वालिदांनी तो फार जपला. त्यात बायकांची नावंच नाहीत.

त्या पोराला मी नंतर मोबाइलवर एक चित्र दाखवलं. जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. आपल्या आठवणींत जहांगीर त्याला काळतोंड्या म्हणतो, म्हणजे वर्गातल्या पोरांचीच भाषा. पोरानं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सर, खरंच मारलं का यानं?"

"नाही रे," मी म्हणालो. "अंबर 1626 ला म्हातारा होऊन मेला. बादशहाला तो शेवटपर्यंत सापडला नाही."