नळदुर्गचं पाणी कुणाचं?

बेंबळीच्या तरुणांनो, नळदुर्गचा किल्ला जरूर पाहा. पण पाहताना प्रश्नही विचारा, एवढंच आमचं म्हणणं आहे.

बोरी नदीला बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहतो. बादशहाचं नाव राहिलं. दगड वाहणाऱ्यांची नावं कुठे आहेत? आणि किल्ल्यांमधल्या पाण्यावर हक्क कुणाचा होता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. 1934 मध्ये ते सहकाऱ्यांसह दौलताबादला गेले. आपल्या जिल्ह्यासारखाच तो किल्लाही तेव्हा निजामाच्या राज्यात होता. दरवाजाबाहेरच्या हौदावर काहींनी तोंड आणि पाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून मुसलमानांचा जमाव धावून आला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण कुणी पाण्याला शिवू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला! महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा 7 वर्षं झाली होती. हिंदूंना जो अस्पृश्य, तो मुसलमानांनाही अस्पृश्यच, हे बाबासाहेबांनी अनुभवातून सांगितलं.

आपला इतिहास मात्र अपमानापाशी संपत नाही. फेब्रुवारी 1941 मध्ये याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. पिढ्यानपिढ्या राबवून घेतलेला समाज तिथे हक्कासाठी एकत्र आला.

म्हणून नळदुर्गला जाल तेव्हा तडवळ्यालाही जा. एका ठिकाणी राजांचा इतिहास आहे, दुसऱ्या ठिकाणी आपला.

जय भीम!