दिनविशेष : २ सप्टेंबर
१८५९ : आजच्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक अचानक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लखलखाट पाहिला होता. त्यातून उठलेले सौर वादळ साडेसतरा तासांत पृथ्वीवर पोचले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे कोलमडली. एरवी तासाला घेतली जाणारी नोंद कुलाब्याच्या निरीक्षकांनी त्या धांदलीत काही मिनिटांच्या अंतराने घेतली, हे त्यांचे केवढे उपकार! याच नोंदींवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी, जी. एस. लखिना आणि सहकाऱ्यांनी वादळाची तीव्रता मोजली.

पुढे विजेच्या ट्राममुळे वाचनात अडथळा येईल म्हणून चुंबकीय वेध अलिबागला हलवले गेले. १९०४ मध्ये सुरू झालेली ती वेधशाळा आजही नोंदी घेते.

आता धोका उपग्रहांना. अशा वादळात पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतले इलेक्ट्रॉन वेगवान होतात आणि उपकरणे निकामी करू शकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर साध्याशा वादळाने वरचे वातावरण फुगले आणि त्याच्या घर्षणाने नुकतेच सोडलेले ३८ स्टारलिंक उपग्रह नष्ट झाले.

२०२३ : सूर्याचा अभ्यास करणाऱ्या ‘आदित्य-एल१’ यानाचे श्रीहरिकोट्याहून प्रक्षेपण. सूर्याची अतिनील छायाचित्रे टिपणारी त्यावरील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेने साकारली.