तार सुरात टिकवणाऱ्या घोड्या

तंतुवाद्य बेसूर होते तेव्हा दोष सहसा तारेला दिला जातो. खरा दोष बहुधा तार जिथे टेकते त्या दोन जागांचा असतो: खुंट्यांजवळची आटी आणि तबलीवरची घोडी. गिटारवादक यांनाच नट आणि ब्रिज म्हणतात. ताण कमीजास्त झाला की तार या जागांवरून केसभर सरकते आणि घर्षणामुळे मूळ ठिकाणी परतत नाही. हे केसभर अंतर आवरण्यासाठी मिरजेच्या कारागिरांनी एक वाट काढली, तर इलेक्ट्रिक गिटार बनवणाऱ्यांनी दुसरी.

मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातले फरीदसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले. तलवारींचे काम आटत चालले होते आणि पटवर्धनांच्या संस्थानात गवयांची ये-जा होती. दुरुस्ती करता करता सतारी आणि तंबोरे नव्याने घडू लागले आणि घराण्याला ‘सतारमेकर’ हे नाव मिळाले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येत. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहू लागले आणि कारागिरांना अत्यंत तयार कानाचा जाणकार लाभला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याची घोडी हाडाची किंवा शिंगाची असे. आता फायबरचीही असते. तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते आणि त्यातून तंबोऱ्याचा भरीव झंकार उठतो. हा झंकार म्हणजे जवारी. ती काढताना कारागीर कानस एक-दोनदा फिरवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा कानस हाती घेतो. मग तारेखाली सुताचा दोरा घालून तो मागेपुढे सरकवला की एका जागी आवाज खुलतो. घोडीच्या मागे तारेत ओवलेले मणके असतात. खुंटी पिळून ढोबळ सूर लावायचा आणि मणका सरकवून बारीक फरक काढायचा, अशी ही दुपदरी रचना आहे.

सूर टिकवण्याची कसोटी केवळ मैफलीत लागते असे नाही. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की ती एका वीणेकऱ्याकडून दुसऱ्याच्या हाती जाते. या अवर्षणप्रवण मुलखात उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि खुंटी घसरते, पावसाळ्यात ती फुगून अडकते. घसरत्या खुंटीला खडू चोळणे हा जुना उपाय आजही चालतो.

इलेक्ट्रिक गिटारपुढचा पेच अधिक कठीण होता, कारण तिथे वादकाला तारांचा ताण मुद्दाम बदलायचा असतो. १९५४ मध्ये फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरवर ट्रेमोलो ब्रिज आला. ब्रिजला जोडलेला दांडा दाबला की अख्खा ब्रिज झुकतो, तारा सैल होतात आणि सूर खाली घसरतो. दांडा सोडल्यावर मागच्या स्प्रिंगा ब्रिजला परत ओढतात. पण नटमध्ये अडकलेली तार पूर्ण परतत नाही आणि गिटार बेसूर होते.

अमेरिकेतील फ्लॉइड रोझ यांनी सत्तरच्या दशकात नटपाशीच तारा पकडीत घट्ट आवळल्या. ब्रिजच्या टोकालाही तशीच पकड दिली. तार सरकायला जागाच उरली नाही. १९७९ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि एडी व्हॅन हॅलन यांच्या वादनामुळे ही रचना जगभर पोचली. मात्र नट आवळल्यावर खुंट्या निरुपयोगी ठरल्या, म्हणून पुढच्या आवृत्तीत ब्रिजवर छोटे फाइन ट्यूनर बसवावे लागले. काम तेच, जागाही जवळपास तीच, जी तंबोऱ्यावर मणक्याची आहे.

फ्लॉइड रोझ ब्रिज दोन खिळ्यांवर सुरीच्या पात्यासारख्या धारेने तोललेला असतो. ही धार झिजली की तो नेमक्या जागी परतत नाही. तारेने घासून घोडीवर खाच पडावी आणि जवारी बिघडावी तसेच हे. म्हणून धारेचे पोलाद किती कठीण आहे हे विकत घेताना आधी पाहावे. एक तार तुटली तर स्प्रिंगांचा जोर वरचढ होतो आणि उरलेल्या तारा चढतात. तार बदलताना टोकाची गुंडी कापून ॲलन कीने पकड आवळावी लागते.

दुसरा पर्याय गॅरी काहलर यांच्या ब्रिजचा. त्यात सगळा ब्रिज झुकत नाही. तारांची टोके धरणारा भाग कॅमवर फिरतो आणि तारा छोट्या रोलरांवरून जातात. त्यामुळे हालचाल मऊ होते आणि गिटारच्या मागे स्प्रिंगांसाठी खोबण कोरावी लागत नाही. परंतु हलते भाग जास्त असल्याने निगा अधिक लागते.

तारा आवळणारा लॉकिंग ब्रिज तार पकडतो, हवामान नाही. गिटारची मानही लाकडाचीच. दमट हवेत ती हलली की आवळलेल्या ताराही बेसूर होतात. दांडा जोरात दाबणाऱ्या वादकाने कठीण पोलादाचा फ्लॉइड रोझ घ्यावा, हलका कंप हवा असेल तर काहलर पुरतो, आणि ज्याला दांडा लागतच नाही त्याने स्थिर ब्रिजच घ्यावा.